बेचिराख : दिवा विझलेली गावे आणि त्यांच्यावर उगवलेले रान

१/
एखादे गाव ओस पडले की पुढे त्याचे काय होते? घरे कोसळतात, रान माजते, एवढ्यावर आपली कल्पना थांबते. परंतु हे सारे ठरावीक क्रमाने घडते. त्याला स्वतःचा शब्दसंग्रह आहे, महसुली दप्तर आहे आणि राजकारणही आहे. धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्याच्या आसपास ही प्रक्रिया दोन हजार वर्षांच्या पल्ल्यात पाहता येते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
येरमाळा हे कळंब तालुक्यातील गाव सोलापूर–धुळे महामार्गावर, बालाघाटाच्या रांगेत वसले आहे. येथून जवळच तेरखेड्याच्या परिसरात तेरणा नदी उगम पावते. पूर्वेकडे वाहत ती तेरला पोहोचते आणि पुढे माकणीच्या धरणाकडे, सास्तूर व किल्लारीच्या टापूत जाते. येरमाळ्याच्या पश्चिमेला परांड्याचा किल्ला. तेर, परांडा आणि किल्लारी-सास्तूर या तीन ठिकाणी ओसाडीचे तीन वेगवेगळे अध्याय वाचता येतात.

३/
आरंभ एका शब्दापासून. ‘बेचिराख’ म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे आग येते, कारण त्या शब्दात आपल्याला ‘राख’ ऐकू येते. मुळात हा शब्द फारसी आहे : ‘बे’ म्हणजे विना, ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही, ते बेचिराग. मराठी कानाने ‘चिराग’चा ‘चिराख’ केला आणि हळूहळू विझलेल्या दिव्याच्या जागी राखेचा ढीग आला.

४/
हा शब्द काव्यातून आलेला नाही, तो दप्तरातून आला. गावाची सीमा कागदावर आहे, जमिनीची नोंद आहे, पण राहणारे कोणी नाही, अशा गावापुढे कारकून ‘बेचिराग’ लिहीत असे. सरकारच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता : येथून वसूल येणार नाही. घरातही हीच प्रतिमा वावरते. वंश खुंटला की ‘घरात दिवा लावायला कोणी उरले नाही’ असे आपण आजही म्हणतो.

५/
दुसरी जोडी ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गावचा कारभार या दोन रंगांवर चालत असे. यांतला पांढरा रंग निसर्गदत्त नाही, तो माणसाच्या राहण्याने आलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी पडलेल्या भिंतींची माती, चुलीतली राख, शेण, चुना, हाडे आणि कोळसा मिसळून ही भुरकट, मऊ माती तयार होते. शिवारात उघड्यावर पांढर दिसली, तर तेथे कधीतरी माणसे राहत होती असे समजावे.

६/
आता घर पाहू. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवद. दगड व चिखलाच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळयांचे खण, वर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ते थंड आणि हिवाळ्यात उबदार राहते. मात्र ते एकदा बांधून विसरून जाण्याजोगे नाही. दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर माती टाकावी लागते, ती चोपावी लागते, उगवलेले गवत उपटावे लागते. त्यासाठी पांढरीची माती उत्तम, कारण ती काळ्या मातीसारखी भेगाळत नाही.

७/
म्हणजे माळवद हे दर वर्षी नव्याने करावे लागणारे घर आहे. एक पावसाळा डागडुजी चुकली की गवताच्या मुळांवाटे किंवा उंदराच्या बिळावाटे पाणी आत झिरपते. तुळईचे भिंतीत रुतलेले टोक प्रथम कुजते, मग त्याला वाळवी लागते. छत खचले की भिंतीचा माथा उघडा पडतो. पाऊस सांध्यांतला चिखल धुऊन नेतो आणि दगड एकेक करून सुटतात. या सगळ्यासाठी शतके लागत नाहीत. माणूस निघून गेल्यावर काही पावसाळे पुरतात.

८/
त्यानंतर वनस्पती येतात, त्याही क्रमाने. शेण, राख आणि उकिरड्याने सकस झालेल्या मातीत प्रथम धोत्रा, एरंड, तरोटा आणि रुई फोफावतात. मग बोर, बाभूळ, कडुनिंब. ढिगाऱ्याच्या फटींत साप, सरडे आणि मुंगसे वस्तीला येतात. सुटलेल्या भिंतींच्या मातीने अंगण आणि गल्ली भरून जाते. काही पिढ्यांनंतर तेथे घर नसते, गल्ली नसते, राहते एक बुटके पांढरे टेकाड. निसर्गाने गाव गिळले असे आपण म्हणतो. खरे तर जी माती दर वर्षी उचलून वर चढवली जात होती, ती खाली उतरलेली असते.

९/
पहिला अध्याय, तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासमार्गदर्शिकेत दख्खनमधील दोन बाजारपेठा ठळकपणे येतात, पैठण आणि तगर. तगर पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे तो सांगतो. तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात असे.

१०/
हे तगर पुढे इतके हरवले की त्याची जागा कोणती यावर विद्वानांचा दीर्घकाळ वाद चालला. कोणी जुन्नर म्हटले, कोणी दौलताबाद. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे मात्र स्वतःला तगरपुराचे अधिपती म्हणवून घेत राहिले. नगर मातीखाली गेले तरी त्याचे नाव बिरुदात उरले. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेरणाकाठचे तेर असे मांडले आणि त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी तेथील अवशेषांची पाहणी केली.

११/
गंमत अशी की तेर कधीच पूर्णपणे बेचिराख झाले नव्हते. संत गोरोबा काका तेथलेच, त्यांची समाधीही तेथेच आहे. वारकऱ्यांना तेरची वाट ठाऊक होती. जुन्या नगराचा मोठा भाग टेकाडे होऊन निजला होता आणि त्याच्या कडेने गाव नांदत होते. व्यापार ओसरल्यावर नगर आकसले, वस्ती एका कोपऱ्यात सरकली आणि उरलेल्या जागेवर शेती व रान आले. ओसाडी नेहमी संपूर्ण गावावर येते असे नाही. कित्येकदा ती गल्लीगल्लीने येते.

१२/
तेरमधील त्रिविक्रमाचे मंदिर या दृष्टीने फार बोलके आहे. त्याचा विटांचा, मागे अर्धवर्तुळाकार असलेला भाग मुळात बौद्ध चैत्यगृह असावा, असे कझिन्स यांनी मांडले. पुढे तेथे विष्णूची उपासना सुरू झाली. त्याच काळातल्या इतर वास्तू विटामातीच्या ढिगात मिसळून गेल्या, ही मात्र उभी राहिली. तिच्या विटा अधिक पक्क्या होत्या म्हणून नव्हे. देव बदलला, तरी रोज झाडणारा, दिवा लावणारा आणि गळके छत पाहणारा माणूस तेथे टिकला.

१३/
टेकाडांच्या पोटात जे निजले होते ते १९५८ च्या उत्खननात बा. ना. चापेकर यांच्या हाताला लागले. पुढेही तेथे अनेकदा उत्खनने झाली. पण त्याआधीपासून तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे शेतांत आणि पांढरीत सापडणाऱ्या वस्तू जमवत होते. मणी, मृण्मूर्ती, नाणी आणि एक हस्तिदंती स्त्रीप्रतिमा. इटलीतल्या पॉम्पेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज लामतुरे यांच्याच नावाने आहे.

१४/
येथे एक अडचण लक्षात घ्यावी लागते. पांढरीची माती सकस असते, म्हणून शेतकरी ती गाड्या भरून शेतात नेतो. ती धाब्यासाठी चांगली, म्हणून घरमालकही ती उपसतो. दख्खनमधील कित्येक प्राचीन टेकाडे अशीच झिजली. गवताने आणि बोरीबाभळींनी त्यांना शतकानुशतके झाकून ठेवले होते. त्यांचा खरा ऱ्हास फावड्याने केला, आणि अलीकडच्या काळात यंत्राने. रान वस्तीची मोडतोड करते, पण पुरावा जागच्या जागी ठेवते. उपसलेल्या मातीतला मणी मात्र कोणत्या थरातला होता हे पुन्हा कळत नाही.

१५/
दुसरा अध्याय, १६३०. पावसाने दगा दिला आणि त्याच वेळी शाहजहानच्या फौजा निजामशाही बुडवण्यासाठी दख्खनेत उतरल्या. १६३१ मध्ये आजम खानाने परांड्याला वेढा घातला, पण त्याला तो उठवावा लागला. आसपासच्या अनेक कोसांत जनावरांसाठी गवत उरले नव्हते. किल्ला तटांनी वाचवला तसा दुष्काळानेही वाचवला. किल्ल्याबाहेरच्या गावांना मात्र तट नव्हते.

१६/
१६३० ते १६३२ च्या या दुष्काळाची झळ गुजरातपासून दख्खनपर्यंत पोहोचली. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवरच्या प्रेतांचे आणि ओस वस्त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. देहूत तुकोबांच्या घरानेही त्याच काळात मृत्यू पाहिला. माणसे मेली, उरलेली परागंदा झाली. बैल गेले, म्हणजे नांगर गेला. शेत पडीक पडले की पहिल्या वर्षी तण, मग हरळी आणि कुंदा, मग काटेरी झुडपे येतात. हरळी एकदा खोल मुरली की तीच जमीन पुन्हा वहितीला आणणे हे नवी जमीन फोडण्याइतके कष्टाचे होते.

१७/
ओसाडी हे राजकीय शस्त्रही होते. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. ‘घरावर गाढवाचा नांगर’ या शब्दप्रयोगाचे मूळ अशाच कृतीत आहे. अर्थ असा की या पांढरीवर आता दिवा लागू नये. पुढे जिजाऊंच्या काळात त्याच भूमीवर सोन्याचा नांगर फिरवल्याची कथा येते. पहिल्या नांगराने घातलेला शाप दुसऱ्याने उतरवायचा होता.

१८/
सोन्याच्या नांगराची कथा प्रतीक म्हणून ठीक, पण जमीन प्रत्यक्षात लागवडीला आणली ती इस्ताव्याने. इस्तावा म्हणजे चढता सारा. पडीक जमीन घेणाऱ्या कुळाला कौल मिळे : पहिल्या वर्षी नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पूर्ण. पुणे प्रांतात दादोजी कोंडदेवांनी रानात माजलेले लांडगे मारणाऱ्यांना बक्षिसे दिली असेही सांगितले जाते. रान किती आत शिरले होते, हे त्या बक्षिसांवरून कळते.

१९/
परांड्याची गोष्ट पुढे वेगळी झाली. १६३२ च्या सुमारास ‘मुलूख मैदान’ ही तेथली प्रचंड तोफ विजापूरला गेली आणि कालांतराने किल्ल्याचे लष्करी महत्त्वच संपले. अशा दगडी-चुनेगच्ची किल्ल्यांवर रानाची चाल निराळी असते. पिंपळ, वड किंवा उंबराचे फळ खाल्लेला पक्षी तटावर बसतो आणि त्याच्या विष्ठेतले बी सांध्यात पडते. चुन्याच्या फटीत ओल टिकते, बी रुजते, आणि केसाएवढे मूळ पुढे मनगटाएवढे होऊन घडीव दगड बाजूला ढकलते.

२०/
पिंपळ आणि उंबर पवित्र मानलेले, त्यामुळे ते तोडायला हात धजत नाही. नुसते वरून छाटले, तर मुळे आत जाड होत राहतात. झाड मोठे झाल्यावर उपटले, तर त्याने धरून ठेवलेले दगडही कोसळतात. म्हणून रोप बोटाएवढे असतानाच काढणे हा एकच सोपा उपाय. पूर्वी किल्ल्यावर शिबंदी असे, तेव्हा हे काम नित्याचे होते. एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम चुकते आणि पन्नास वर्षांनी बुरूज ढासळतो.

२१/
तिसरा अध्याय इतिहास म्हणावा इतका जुना नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे नुकती झोपली होती. सुमारे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे भुईसपाट केली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे मरण पावली. भारताच्या तेव्हाच्या भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

२२/
माणसे भूकंपाने मेली यापेक्षा घराखाली मेली असे म्हणणे अधिक नेमके. जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंफलेले नव्हते, मधे चिखल व भरड भरलेली होती. हादऱ्याने ते थर सुटून कोसळले. वर धाब्याची माती, जी दर मृगाला थोडी थोडी वाढत गेली होती. आजोबाने, बापाने, मुलाने गळती थांबावी म्हणून टाकलेला प्रत्येक थर त्या पहाटे अंगावर आला. काही घरांत लाकडी खण उभे राहिले आणि भिंती मात्र पडल्या.

२३/
अतोनात हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. नवी गावे रुंद, सरळ रस्त्यांची आणि पक्क्या घरांची आहेत. दगडाच्या भिंतीची भीती एवढी बसली होती की अनेकांना पुन्हा दगडाखाली झोपणे नकोसे झाले. जुनी गावठाणे तशीच मागे राहिली. एका पहाटेत पन्नासहून अधिक पांढरी बेचिराख झाल्या, शब्दाच्या मूळ अर्थाने.

२४/
तेरच्या टेकाडाला जे व्हायला शतके लागली, ते या गावठाणांत एका पिढीत घडताना दिसते. दगडांचे ढीग, अर्धवट उभा पार, एखादे मंदिर, आणि भोवती वेडी बाभूळ. ही बाभूळ आपल्याकडची नव्हे. मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आणली गेली आणि पुढे जळण व हिरवाईसाठी ठिकठिकाणी लावली गेली. शेळ्या-गुरे शेंगा खातात आणि शेणावाटे बी पसरवतात. म्हणजे ‘निसर्गाने ताबा घेतला’ असे म्हणतो, त्यात माणसाने केलेली लागवडही मिसळलेली असते.

२५/
ओस पडलेल्या जागांची छायाचित्रे आज जगभर आवडीने पाहिली जातात. भिंतीवरचा पिंपळ, चौकटीतून आलेली वेल. त्यांत सौंदर्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु परांड्याच्या तटावरचा पिंपळ आणि सास्तूरच्या जुन्या गावठाणातली बाभूळ एकाच नजरेने पाहता येत नाहीत. पहिल्या झाडाखाली एका संपलेल्या सत्तेची वास्तू आहे. दुसऱ्या झाडाखालच्या ढिगाऱ्यात कोणाचे स्वयंपाकघर कुठे होते हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत.

२६/
म्हणूनच काळाचे भान महत्त्वाचे. तेरमध्ये कोणत्या घरात कोण राहत होते हे आता कोणीच सांगू शकत नाही, आपण मण्यांवरून अंदाज बांधतो. १९९३ च्या गावठाणांत ते आजही सांगता येते : ही वेस, हा आड, हा पार, ही अमक्याची ओसरी, ही बलुतेदारांची गल्ली. त्या वेळी तीस वर्षांचा असलेला माणूस आज साठी ओलांडून गेला आहे. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी बाभळीखाली दगड तेच राहतील, पण त्यांना नावे देणारे कोणी उरणार नाही.

२७/
अखेर येरमाळ्याकडे. येथल्या येडेश्वरी देवीची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. देवीची पालखी निघते आणि लाखो भाविक शिवारातल्या चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. चुनखडी म्हणजे या मातीतच तयार होणारे पांढरे खडे. ते भाजून चुना होतो आणि चुन्याने दगड सांधले जातात. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या जागी. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर वास्तू उभी ठेवण्याच्या कष्टात दर वर्षी सगळ्यांनी हात लावायचा, याची आठवण या प्रथेने जपली आहे.

२८/
बालाघाटातील या तीन अध्यायांतून दिसते ते एवढेच. रान कोठेही बाहेरून चालून येत नाही, ते धाब्याच्या मातीत आणि चुन्याच्या फटीत आधीपासून असते. दर मृगाची माती, दर चैत्राचा चुना आणि रोजचा दिवा त्याला थोपवून धरतात. जेथे वस्ती परत येणार नाही, तेथे रान वाढू द्यावे. त्याआधी गावाचा एक हाती नकाशा तरी काढून ठेवावा.

२९/
आपल्या गावाच्या शिवारात पांढर असेल, धरणाखाली गेलेले, भूकंपाने सोडावे लागलेले किंवा दुष्काळात उठलेले जुने गावठाण असेल, तर घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला तेथे घेऊन जा. कागदावर वेस, आड, पार आणि घरे मांडा, त्यापुढे नावे लिहा. त्यासाठी पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. आणि त्या पांढरीची माती कोणी उपसत असेल, तर गावातल्या चार जणांना ती टेकडी नसून जुने गाव आहे एवढे जरूर सांगा.